कॅमेऱ्याची जागा

पुण्याहून निघून मनमाडच्या वाटेने उत्तर हिंदुस्थानात जाणारी आगगाडी दौंडच्या स्थानकात शिरली, की वर्षानुवर्षांच्या परिपाठाप्रमाणे तिचे इंजिन एका टोकाकडून सोडवून दुसऱ्या टोकाला जोडले जाई. आणि तोवर जे उतारू पुढचा मुलूख जवळ येताना पाहत होते, तेच जागेवरून यत्किंचितही न हलता, मागे पडत जाणारा मुलूख पाहू लागत. नवी कॉर्ड लाइन झाल्यापासून काही गाड्यांचा हा खोळंबा टळला आहे, तथापि ज्याने तो अनुभवला आहे त्याला चित्रपटशास्त्रातील एक मूलतत्त्व वेगळे शिकवावे लागत नाही. गाडी तीच, डबा तोच, बाकही तेच. परंतु गतीच्या संदर्भात पाहणाऱ्याची दिशा बदलली, म्हणून दृश्याचा सगळा भाव पालटला. पडद्यावरच्या कोणत्याही दृश्याविषयी पहिला प्रश्न विचारावयाचा तो हाच, की ते कोठून पाहिले गेले आहे, म्हणजे कॅमेरा कोठे उभा आहे. आणि त्याला लागूनच येणारा दुसरा प्रश्न असा, की तो तेथे कोणाच्या वतीने उभा आहे.

आपल्या शाळांतून कवितेचे रसग्रहण शिकवितात, अलंकार ओळखावयास लावतात, वृत्तांची लक्षणे पाठ करून घेतात; आणि हे योग्यच आहे. परंतु शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांतील मुलांच्या डोळ्यांपुढून दिवसाकाठी जितकी चलच्चित्रे जातात तितक्या ओळी त्यांच्या वाचनात येत नाहीत, आणि त्या चित्रांचे व्याकरण मात्र त्यांना कोणी सांगत नाही, ही उणीव मला फार गंभीर वाटते. हे व्याकरण दुर्बोध नाही. त्यातील बहुतेक संज्ञांचे दाखले घोडनदी आणि भीमा यांच्या काठीच सापडतात.

मुंबईच्या वॉटसन हॉटेलात 7 जुलै 1896 रोजी ल्यूमिएर बंधूंच्या सिनेमॅटोग्राफचा जो पहिला खेळ झाला, त्यातील सहा लघुचित्रांत आगगाडीच्या आगमनाचे एक चित्र होते. ल्यूमिएरांच्या ज्या आगगाडी-चित्राची कीर्ती जगभर टिकून राहिली, ते ला सिओता या फ्रेंच गावाच्या फलाटावर घेतलेले असून अवघे पन्नास सेकंदांच्या आसपास चालते. त्यात कॅमेरा रुळांच्या अगदी निकट, तिरकस ठेवलेला आहे; गाडी प्रथम दूरवर ठिपक्यासारखी दिसते, मग तिचे अंग उलगडत जाते, अखेर डबे चौकटीच्या काठापर्यंत येऊन भिडतात आणि उतरणारी माणसे कॅमेऱ्याच्या इतक्या जवळून जातात की त्यांचे चेहरे ओळखता यावेत. दूरदृश्य, मध्यदृश्य आणि समीपदृश्य, ज्याला चित्रपटव्यवसायात सरसकट क्लोज-अप म्हणतात, ही तिन्ही अंतरे कॅमेरा न हलविता एकाच सलग शॉटमध्ये तेथे साधली आहेत. हाच कॅमेरा दौंडच्या पादचारी पुलावर नेला तर गाडी ही छपरांची एक लांब पट्टी होईल आणि माणसे केवळ डोकी होतील. खाली रुळांच्या पातळीवर ठेवला तर तेच इंजिन अंगावर येणारे महाभूत होईल. उंचावरून पाहिलेला माणूस क्षुद्र दिसतो आणि खालून पाहिलेला प्रबळ, असा एक ठोकताळा पाठ्यपुस्तके देतात. तो पुष्कळदा खरा ठरतो, परंतु नियम म्हणून तो स्वीकारू नये, कारण कोणत्याही कोनाचा अर्थ त्याच्या मागच्यापुढच्या शॉटांवाचून निश्चित होत नाही.

अंतराची ही किमया मराठी चित्रकर्त्यांनी फार लवकर ओळखली होती. बाबूराव पेंटर यांच्या ‘सावकारी पाश’ या 1925 च्या मूकपटात सावकारीखाली नागवल्या गेलेल्या शेतकऱ्याची झोपडी दुरून, अंधाऱ्या परिसरात एकाकी दाखविली आहे आणि तेथे एक कुत्रे विव्हळते आहे. मूकपट असूनही ते विव्हळणे ऐकू आल्याचा भास होतो, अशी त्या दृश्याची ख्याती आहे. उलटपक्षी प्रभात फिल्म कंपनीच्या ‘अमृतमंथन’मध्ये, 1934 साली, व्ही. शांतारामांनी टेलिफोटो भिंगाच्या साहाय्याने राजगुरूची भूमिका करणाऱ्या चंद्रमोहनचा डोळा पडदाभर विस्तारला. एका ठिकाणी माणूस परिस्थितीत बुडून गेला आहे हे अंतराने सांगितले, दुसऱ्या ठिकाणी माणसाच्या मनातील क्रौर्य जवळिकीने सांगितले. संवादाची मदत दोन्ही ठिकाणी लागली नाही.

चौकट हे प्रकरण अंतराहूनही सूक्ष्म आहे. जे चौकटीत घेतले त्याइतकेच जे बाहेर ठेवले तेही दिग्दर्शकाचे, किंवा वार्ताहराचे, कृत्य असते. दौंडच्या फलाटावर एखाद्या पुढाऱ्याचे स्वागत होत आहे, हार घातले जात आहेत, आणि दहा पावलांवर ऊसतोडणीला निघालेली कुटुंबे बोचक्यांवर डोके टेकून निजली आहेत, असे समजा. कॅमेऱ्याने चौकट आवळली तर तो सोहळा होतो. दोन पावले मागे सरून तीच चौकट सैल केली तर तो त्या सोहळ्यावरचा अभिप्राय होतो. दोन्ही चित्रे खरीच, दोन्हीत काही बनावट नाही. म्हणून ‘कॅमेरा खोटे बोलत नाही’ हा युक्तिवाद माध्यमांच्या अभ्यासात टिकत नाही.

आता एका शॉटला दुसरा जोडण्याकडे वळू. रशियन दिग्दर्शक लेव्ह कुलेशोव्ह याने पहिल्या महायुद्धानंतरच्या वर्षांत केलेला प्रयोग या विषयाच्या प्रत्येक ग्रंथात आढळतो. मोझ्झुखिन नावाच्या नटाचा एकच निर्विकार चेहरा त्याने कधी सूपच्या वाडग्याला, कधी शवपेटिकेला आणि कधी आणखी एका दृश्याला जोडून दाखविला. प्रेक्षकांना त्याच चेहऱ्यावर एकदा भूक, एकदा शोक आणि एकदा माया दिसली, असे सांगतात. आपल्या स्थानकात हाच प्रयोग करून पाहा. खिडकीशी बसलेल्या एका स्त्रीचा स्तब्ध चेहरा घ्या. पुढे फलाटावरचा कोरडा नळ दाखविला तर ती तहानलेली आहे. फलाटावरून धावत येणारा मुलगा दाखविला तर ती आई आहे आणि ताटातूट होत आहे. रेल्वे पोलिसांची चौकी दाखविली तर ती काही लपवीत आहे. स्त्रीने काहीच केलेले नाही. अर्थ दोन शॉटांच्या मधल्या सांध्यात, प्रेक्षकाच्या मनात उत्पन्न झाला, आणि या जुळणीच्या कलेलाच संकलन असे नाव आहे.

संकलनाचा एक दंडक असा आहे, की घडणाऱ्या क्रियेतून एक काल्पनिक रेषा ओढावी आणि कॅमेऱ्याने ती विनाकारण ओलांडू नये. रुळांच्या दक्षिणेस उभे राहिले तर पुण्याहून आलेली गाडी डावीकडून उजवीकडे जाते. रूळ ओलांडून उत्तरेस गेले तर तीच गाडी उजवीकडून डावीकडे जाते. हे दोन शॉट एकापुढे एक जोडले तर प्रेक्षक निःशंकपणे समजेल की गाडी पुण्याला परत निघाली. लेखाच्या आरंभी सांगितलेल्या इंजिनाच्या उलटापालटीने उतारू गोंधळत नसे, कारण इंजिन सुटल्याचा धक्का त्याला बसलेला असे, चहावाल्यांची हाकाटी त्याच्या कानी पडलेली असे. चित्रपटाच्या प्रेक्षकाला तो मधला दुवा मुद्दाम पुरवावा लागतो.

ध्वनीविषयी थोडक्यात सांगावयाचे तर, पात्रांनाही ऐकू येतो तो कथेतला ध्वनी आणि केवळ प्रेक्षकासाठी वाजतो तो कथेबाहेरचा, हा भेद ध्यानात ठेवला म्हणजे पुष्कळ काम होते. शांतारामांच्या ‘कुंकू’मध्ये, 1937 साली, पार्श्वसंगीत कटाक्षाने वर्ज्य करून कथेतल्या ध्वनींवरच भिस्त ठेवली होती, आणि हे धाडस आजही विरळा आहे. नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’त डुकराच्या मागे धावणारे कुटुंब शाळेतून राष्ट्रगीताचे सूर येताच जागच्या जागी थिजते आणि डुक्कर निसटून जाते, तो ध्वनी कथेतला आहे म्हणूनच ते थिजणे काळजाला भिडते. तेच सूर पार्श्वसंगीत म्हणून वाजविले असते तर उरला असता केवळ एक देशभक्तीचा अलंकार.

पण कॅमेरा कोणाच्या वतीने उभा असतो हा प्रश्न खऱ्या अर्थाने समजून घ्यावयाचा तर या मुलुखातल्या तमाशाकडे जावे लागते. शिरूर तालुक्यातील कवठे येमाई हे तमाशाच्या परंपरेत मुरलेले गाव. वगनाट्ये आणि गीते लिहिणारे लोकसाहित्यिक बशीर कमरुद्दीन मोमीन हे ‘कवठेकर’ म्हणूनच महाराष्ट्राला परिचित झाले आणि राज्यशासनाचा विठाबाई नारायणगावकर जीवनगौरव पुरस्कारही त्यांना लाभला. इकडे दौंड तालुक्यात, पुणे-सोलापूर रस्त्यावरचा चौफुला हा संगीतबारीच्या कलाकेंद्रांसाठी प्रसिद्ध आहे. ढोलकी फडाचा तमाशा गण, गवळण, बतावणी, वग असा चढत जातो. संगीतबारीत बैठक असते, फर्माईश असते, दौलतजादा असतो. दोहोंतही प्रेक्षक आपल्या जागेचा धनी असतो. त्याने नर्तकीच्या पायांकडे पाहावे, ढोलकीवाल्याच्या हातांकडे पाहावे, की शेजारच्या पाटलाच्या बदलत्या चेहऱ्याकडे, हे ठरविणारा तोच. शिवाय पाहिले जाण्याचा व्यवहार दुतर्फा असतो: सोंगाड्या पुढच्या रांगेतल्या माणसाला नावानिशी चिमटा काढतो, नर्तकी एखाद्याची फर्माईश ऐकते आणि एखाद्याची हसून टाळते, एखाद्याच्या नजरेला नजर देऊन त्याला खाली पाहावयास लावते.

हीच लावणी चित्रपटात आली तेव्हा काय झाले? ‘रामजोशी’ 1947 साली आला. अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ 1959 साली प्रदर्शित होऊन पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात तब्बल 131 आठवडे चालला. आणि तमाशापट हे मराठी चित्रपटसृष्टीचे एक भरभराटीचे दालनच ठरले. या तमाशापटांतील हंसा वाडकरांची लावणी पाहताना आजही मन थक्क होते. परंतु या प्रकारच्या चित्रपटांत शॉटांचा क्रम निरखून पाहावा: पाहणाऱ्या पुरुषाचा चेहरा, मग त्याच्या नजरेच्या रोखाने नर्तकी, मग तिच्या कटीचे किंवा नेत्रांचे समीपदृश्य, मग पुन्हा तो पुरुष. कॅमेरा बैठकीतल्या मानाच्या गादीवर बसला आहे आणि चित्रपटगृहातील आबालवृद्ध स्त्रीपुरुषांना त्याने त्याच गादीवर बसविले आहे. इंग्रज अभ्यासक लॉरा मल्व्ही यांनी 1975 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात या ‘पुरुषी नजरे’ची मीमांसा केली, तिचा रोख हॉलिवुडवर होता, पण तिचा पुरावा चौफुल्यावर अधिक स्पष्ट मिळतो, असे माझे मत आहे, कारण येथे मूळ कला आणि तिचे चित्रीकरण या दोहोंची तुलना करता येते. बैठकीत जिला उलट पाहण्याचा अधिकार होता, ती पडद्यावर केवळ पाहिली जाणारी उरली. कलावंतिणीच्या हक्कांविषयी आस्था असणाऱ्याने या फरकाची दखल घेतली पाहिजे.

येथवर निर्मात्याच्या बाजूचे झाले. प्रेक्षकाची जागाही तितकीच निर्णायक आहे, आणि तिचा विचार तंबूतल्या सिनेमावाचून पुरा होत नाही. यात्राजत्रांच्या हंगामात मालमोटारीवर प्रक्षेपकयंत्र, जनित्र, कनाती आणि पडदा लादून गावोगाव फिरणारे सिनेमे हे पश्चिम महाराष्ट्राचे वैशिष्ट्य. तात्पुरत्या खेळाचा परवाना सरकारातून मिळवावयाचा, देवळाच्या माळावर राहुटी उभी करावयाची, कर्ण्यावर गाणी लावून गर्दी जमवावयाची, असा त्यांचा शिरस्ता. या फिरत्या सिनेमांच्या अखेरच्या काळाचे दर्शन शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांच्या ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ या माहितीपटात घडते. 2016 साली कान महोत्सवात त्याचा विशेष उल्लेखाने गौरव झाला.

त्या यंत्राची करणी समजून घेण्याजोगी आहे. 35 मिलिमीटर रुंदीच्या फितीवर एका फुटात 16 चित्रे असतात आणि बोलपटात सेकंदाला 24 चित्रे सरकतात. म्हणजे मिनिटाला 90 फूट फीत लागते आणि हजार फुटांचे रीळ सुमारे 11 मिनिटे पुरते. दोन तास वीस मिनिटांचा चित्रपट म्हणजे अशी तेरा रिळे, पावणेचार किलोमीटरांहून लांब फीत. प्रत्येक चित्र क्षणभर स्थिर थांबते, ते पुढे सरकत असताना फिरती झडप प्रकाश अडविते, आणि डोळ्याला लुकलुक जाणवू नये म्हणून एकाच चित्रावर ती दोनदा उघडझाप करते. परिणामी खेळाचा जवळजवळ निम्मा वेळ पडदा वस्तुतः काळोखात असतो, आणि तरीही आपल्याला अखंड गती दिसते. शहरी चित्रपटगृहात दोन यंत्रे असल्याने एक रीळ संपताच दुसरे सुरू होई. जेथे यंत्र एकच, तेथे रीळ बदलेपर्यंत कथा थांबे. त्या विरामात घडलेल्या भागाची चर्चा होई, पुढचे भाकीत होई, पोरे रडत, शेंगांची टरफले पडत. म्हणजे संकलकाने न योजिलेले विराम चित्रपटात दाखल होत आणि एकच कथानक शिरूरच्या माळावर निराळ्या लयीत उलगडे. उघड्या मैदानावरच्या खेळात तर पातळ कापडाच्या मागल्या बाजूलाही माणसे बसत. त्यांना अक्षरे उलटी दिसत, नायक डावखुरा दिसे, पण कथेच्या आकलनात तसूभरही उणे येत नसे, कारण सगळ्याच दिशा एकसमयावच्छेदेकरून उलटल्यामुळे मघाशी सांगितलेली ती काल्पनिक रेषा अबाधित राहात असे.

माध्यमांचे अभ्यासक स्टुअर्ट हॉल यांनी 1973 साली मांडलेला विचार येथे उपयोगी पडतो. त्यांच्या मते निर्माता संदेशात अर्थ भरतो खरा, परंतु प्रेक्षक तो जसाच्या तसा स्वीकारील, आपल्या अनुभवानुसार मुरड घालून स्वीकारील, किंवा सरळ नाकारील. दामले-फत्तेलाल यांचा 1936 चा ‘संत तुकाराम’ घ्या. चित्रपटाचा कौल तुकोबांच्या विरक्तीच्या बाजूने आहे यात संशय नाही. परंतु गौरी यांनी उभी केलेली जिजाई, रिकाम्या मडक्यांचा हिशेब मागणारी, मुलांच्या पोटासाठी देवाशीही भांडणारी, ही ज्या प्रदेशात पर्जन्यमान बेभरवशाचे आणि दुष्काळ घरोघरच्या आठवणीतला, तेथल्या स्त्रियांना आपली वकील वाटली तर त्यात नवल नाही. आणि हे वाचन चुकीचे ठरविण्याचा अधिकार कोणालाही नाही.

माध्यमाची मालकी कोणाकडे, हा प्रश्नही याच शास्त्रात मोडतो, आणि त्याचा एक तेजस्वी दाखला दौंड तालुक्यातील केडगावी आहे. पंडिता रमाबाईंच्या मुक्तिसदनात छापखाना होता. तेथील स्त्रिया खिळे जुळवीत, मुद्रिते तयार करीत, आणि रमाबाईंनी सामान्य स्त्रियांना उमगेल अशा सोप्या मराठीत केलेले बायबलचे भाषांतर त्यांच्या निधनानंतर 1924 मध्ये संपूर्ण प्रसिद्ध झाले. दुष्काळाने निराधार केलेल्या आणि समाजाने टाकलेल्या स्त्रिया जेथे मजकूर, यंत्र आणि मजूर या तिन्ही बाजू स्वतः सांभाळीत होत्या, असा छापखाना त्या काळी अपूर्वच म्हटला पाहिजे.

शिरूर तालुक्यातील पाबळला मात्र याच्या नेमकी उलट स्थिती आढळते. पाबळ, केंदूर आणि लोणी ही गावे बाजीरावाने मस्तानीला इनाम दिली होती, आणि 1740 साली बाजीरावाच्या मागोमाग तिचाही अंत झाला. तिची कबर पाबळला आहे. ती साधी, ठेंगणी, अनलंकृत आहे. ना. सं. इनामदारांच्या ‘राऊ’ या कादंबरीवर आधारलेला संजय लीला भन्साळी यांचा ‘बाजीराव मस्तानी’ 2015 च्या डिसेंबरात आला, आणि त्यातील आरसेमहाल, झुंबरे, असंख्य प्रतिबिंबे यांनी मस्तानीची अशी एक प्रतिमा लोकमानसात स्थिर केली, की पाबळला येणाऱ्या माणसाच्या डोळ्यांत ती आधीच वसलेली असते आणि समोरचा दगड त्याला थिटा वाटतो. दृश्यरचना, म्हणजे नेपथ्य, वेष, प्रकाश आणि पात्रांची मांडणी यांतून अर्थ उभा करणे, ही त्या चित्रपटाची शक्ती आहे हे मी मान्य करतो. परंतु इनामाचे दस्तऐवज, कुटुंबातला कलह आणि वाट्याला आलेली उपेक्षा यांनी घडलेली बाई प्रतिबिंबांच्या झगमगाटात दिसेनाशी होते. प्रतिनिधित्व या संज्ञेचा अर्थ हाच: जो स्वतः बोलू शकत नाही त्याच्या वतीने कोणीतरी चित्र उभे करते, आणि त्या चित्राचा जाब मागावयाला तो हजर नसतो.

हा जाब पडद्यातूनच मागितला गेल्याचे उदाहरण ‘फँड्री’त आहे. त्याचे दिग्दर्शक नागराज मंजुळे करमाळा तालुक्यातील जेऊरचे, आणि जेऊर हे दौंडहून सोलापूरकडे जाणाऱ्या याच लोहमार्गावरचे स्थानक. चित्रपटाच्या उत्तरार्धात कैकाडी कुटुंब मारलेले डुक्कर काठीला बांधून खांद्यावरून नेते आणि मागे शाळेच्या भिंतीवर डॉ. आंबेडकरांसह समाजसुधारकांची रंगविलेली चित्रे आहेत. कॅमेरा त्या मिरवणुकीला समांतर राहून दोन्ही गोष्टी एकाच चौकटीत ठेवतो आणि एक शब्दही बोलत नाही. त्यानंतर, टिंगल करणाऱ्या तरुणांवर संतापलेला त्या कुटुंबातला मुलगा जब्या दगड उचलतो आणि भिरकावतो, तो थेट कॅमेऱ्याच्या दिशेने, आणि पडदा काळा होतो. मंजुळे यांना हा प्रसंग बाजूने दाखविता आला असता; दगड त्या उनाडाच्या कपाळावर बसला असता आणि न्याय झाल्याच्या समाधानात प्रेक्षक घरी गेला असता. त्यांनी कॅमेरा त्या उनाडाच्या जागी उभा केला, म्हणून दीड तास जब्याच्या बाजूने उभा आहे असे समजणाऱ्या प्रेक्षकाला शेवटच्या शॉटमध्ये कळते की आपण माळावर जमलेल्या बघ्यांतच बसलो आहोत आणि दगड आपल्यावर आला आहे.